विहिरीच्या कठड्याची सावली

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, असं ती चारचौघांत म्हणते. हे ठाऊक नाही. तिला काय, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

सौसरला माझा फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडे लग्नाच्या फोटोत वारलेल्या बापाला उभं करायची रीत आहे. जुना फोटो आणून देतात, म्हणतात, नवरीच्या बाजूला घ्या. बाकीचे स्टुडिओवाले कापून चिकटवतात आणि माणूस हवेत तरंगतो. माझा माणूस जमिनीवर उभा राहतो, कारण मी त्याची सावली पाडतो. पावलाशी गडद, पुढे जाईल तशी फिकी, कडा विरलेल्या. आणि नुसती काळी कधीच नाही — मातीवर पडली तर तिच्यात मातीचा रंग उतरायला हवा. पांढुर्ण्याहून लोक येतात यासाठी. मला त्याचा माज होता. होता काय — अजून आहे, नाहीतर एवढं रंगवून सांगितलं असतं?

तर — मोहगावकडे गुलाबरावांचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथल्या विहिरीत देवाजी पडून मेला. त्यांच्याकडचा मजूर. मोटारीचा पाइप ओढताना पाय घसरला. विहिरीला कठडा नव्हता, जमिनीलगत नुसतं उघडं तोंड. दोष सरळ गुलाबरावांवर येत होता. म्हणून त्यांनी भंगारातला गंजका लोखंडी कठडा आणून रातोरात बसवला, आणि चौकशी लागल्यावर सांगितलं, कठडा पहिल्यापासून आहे, देवाजीच पिऊन होता.

मग ते माझ्याकडे आले. काही महिन्यांआधी त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला मी बगीच्यात फोटो काढले होते, त्यातल्या एकात मागे विहीर आली होती. त्या फोटोत त्यांना कठडा हवा होता.

मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो — एकदा.

"तुयाच्यानं होत नसन तं सांग," ते म्हणाले. "नागपूरले देतो."

तेवढंच लागलं. त्यांनी धमकावलं असतं तर आज निदान तसं सांगता आलं असतं.

बसवलेल्या कठड्याचा फोटो काढून आणला, कापून जुन्या फोटोत ठेवला. जुन्या फोटोत ऊन उतरतं होतं, डावीकडून. म्हणजे सावल्या लांब हव्यात. एकेक गज घेतला. सावली दगडावर चढते तिथं मोडली, विहिरीत उतरते तिथं अंधारात मिसळली. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत देवाजी मला एकदाही आठवला नाही. मजा येत होती — लाज वाटते सांगायला, पण मजा येत होती.

चौकशीत देवाजीची बायको शेवंता ताठ उभी राहून सांगत होती, कठडा नव्हता आणि माझा नवरा दारूला शिवत नव्हता. बाकीचे मजूर खाली मान घालून बसले होते. फोटो मीच काढला हे सांगायला मलाही बोलावलं होतं, ते मी सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी फोटो उजेडात धरला, गजांच्या सावल्यांवर बोट फिरवलं, आणि तिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवून प्रकरण बंद केलं.

तुम्हाला वाटलं असेल, कबूल करायचं होतं ते हेच. नाही. एवढं तर गुलाबरावांनाही ठाऊक आहे.

वर्ष होत आलं तेव्हा शेवंता दुकानात आली. देवाजीच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या स्मरणविधीला, ठेवायला त्याचा फोटो मोठा करून हवा होता. तो मी करून दिला. तरी ती उठेना.

"भाऊ," ती म्हणाली, "मी रोज त्या विहिरीवर पाणी भरत होती. मले तं कठडा कधी दिसलाच नाही जी. पण तुमच्या फोटोत तं त्याची सावली बी हाये. मंग मीच कशी नाही पायला?"

मी तिच्या फ्रेमची काच पुसत राहिलो.

"कठडा होता तं थे पडले कसे? खरंच पिऊन होते काय, भाऊ?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. मूळ फोटो समोरच्याच कॉम्प्युटरमध्ये होता, उघडायला कितीसा वेळ लागला असता? ती भांडायला आली नव्हती. जाणत्या माणसाला विचारावं तशी विचारत होती.

मी म्हणालो, "बाई, माणसाची नजर चुकते. फोटो नाही चुकत."

कुणी बोलायला लावलं होतं मला? गुलाबराव तिथं नव्हते. साहेब नव्हते. तिच्याकडून मला कसली भीती होती? हे माझ्या मनानं, माझ्या तोंडानं मी बोललो.

तिनं मान हलवली, फ्रेम पदरात गुंडाळली आणि गेली.

पुण्यानुमोदनाला मी गेलो नाही, पण तिथलं कानावर आलं. देवाजीबद्दल बोलायला त्याचा एक जुना सोबती उभा राहिला होता. माणूस निर्व्यसनी होता, एवढं तो बोलला असेल-नसेल, तोच शेवंतानं त्याला मध्येच थांबवलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "थे पीत होते."