डावीकडची जाळी

वाटूरच्या कारभारी अण्णांनी तीस वर्षं बसस्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारल्या. ते रिटायर झाले, आवाज काही झाला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी पुष्पाबाई गेल्या, तेव्हापासून ते घरात स्वतःलाच पुकारतात. "कारभारी जेवायला बसून राह्यलेत. भाजीत मीठ नाही, प्रवाशांनी नोंद घ्यावी!" मी शेजारी. भिंतीपलीकडून ऐकून हसतो, आणि हसून झालं की मला कसंसंच होतं.

यंदा डिसेंबरात पुकारण्याजोगी खरी गाडी आली. लेक अक्षता तीन महिन्यांचं बाळ घेऊन पहाटेच्या रेल्वेनं जालन्याला उतरणार होती. अण्णांनी नातू फक्त फोनवर पाहिलेला. जावई आदिनाथला सुट्टी नव्हती, काळजी मात्र भरपूर. "बाबा, तुमच्या गाडीत गारठा फार. हीटर चालत नसेल तर मी तिला भाड्याची गाडी सांगतो."

अण्णांनी मला गाडीत घातलं आणि थेट फकरोद्दीन मिस्त्रीचं गॅरेज गाठलं. दोघं शाळेत एका बाकावरचे.

"फकऱ्या, हीटर गार वारा मारून राह्यला."

"लोक माझ्याकडं एसी घेऊन येतेत अन् तू हीटर? काश्मीरला चालला काय?"

"जालन्याला. नातू आणायला."

फकरोद्दीननं हातातला पाना खाली ठेवला. "मंग जल्दी बोनेट उघड."

त्यानं पाणी पाहिलं, भरलेलं होतं. इंजिन वीस मिनिटं चालवून हीटरकडं जाणारे दोन्ही पाइप चाचपले. "एक गरम, एक गार असता तर आत कचरा अडकला म्हणलो असतो. हे दोन्ही कोमट. इंजिनच तापून न्हाई राह्यलं." एवढं बोलून तो गप्प झाला. फकरोद्दीन गप्प होणं म्हणजे वाटूर फाट्यावर तासभर हॉर्न न वाजणं.

"काय झालं?"

"थर्मोस्टॅट न्हाई."

"चोरीला गेला?"

"मीच काढला. अकरा वर्षांखाली. मंठ्याच्या रस्त्याला गाडी उकळल्ती, तू म्हणला कायबी कर."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्यातला छोटा दरवाजा. इंजिन तापेपर्यंत तो पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. आमच्याकडं मे महिन्यात गाडी उकळली की मिस्त्री तो दरवाजाच उपटून टाकतात. हिवाळ्याचं काय, हे मे महिन्यात कुणाला सुचणार?

पण फकरोद्दीन काहीच फेकत नाही. बिस्किटाच्या डब्यातून त्यानं एक पितळी चकती काढली. तिला चिठ्ठी बांधलेली, 'कारभारी'. शेजारच्या टपरीवर त्यानं ती पाण्याच्या पातेल्यात सोडली. टपरीवाला म्हणाला, "चाचा, हा कोणता मसाला?" पाणी खदखदायला आलं, तशी चकती हळूच उघडली.

"जिंदा हाय!" फकरोद्दीन ओरडला.

इंजिन निवेपर्यंत आम्ही दोन-दोन चहा घेतले. मग चकती बसली, नवं पॅकिंग लागलं आणि आम्ही फाट्यापर्यंत फेरी मारायला निघालो. अण्णा चालवत होते, डावीकडं फकरोद्दीन, मागं मी. तापमानाची सुई वर सरकली. हीटरच्या जाळ्यांतून ऊन वारा यायला लागला.

"अरे, पाय भाजले माझे!" फकरोद्दीन खूश होऊन म्हणाला.

अण्णांनी त्याच्या पायांकडं पाहिलं आणि गाडी कडेला घेतली.

"पुष्पा नऊ हिवाळे तिथं बसली," ते म्हणाले. "शालीत पाय गुंडाळून. म्हणायची, अहो, गार वारा येतोय. मी म्हणायचो, गाडी बराबर हाय, तुझेच पाय गार."

"माझी चूक, यार. उन्हाळा सरल्यावर परत बसवायला पाहिजे होता."

"तुला कोण सांगणार होतं? ती मला सांगत होती."

अण्णांनी गाडी परत रस्त्यावर घेतली. हीटर चालूच होता.

पुढचं मला अक्षतानं सांगितलं. स्टेशनाबाहेर अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात पुकारलं, "वाटूरकडं जाणारी गाडी तयार आहे." ती बाळाला घेऊन मागं बसली. गाडी छान ऊबदार होती. जालना मागं पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, ती डावीकडची जाळी बंद करा ना. तिथं कुणी नाही, सगळा वारा मागं येईल."

अण्णांनी पंखा वाढवला. बाळाला ऊब पोचतेय ना, हे दोनदा विचारून घेतलं. जाळीला मात्र हात लावला नाही.

"ती असू दे गं," म्हणाले.