डोक्यावरचा रशिया
सरकीचा तेलकट वास आला की मला आजही नांदुऱ्याची शाळा आठवते. बाप लवकर गेला, आणि माय कापसाच्या जिनात, सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला जायची. सकाळी मीही तिच्यासोबत कापूस वाहायचो आणि तिथूनच शाळेत पळायचो. केसांत कापसाची रुई अडकलेली असायची. पोरं ओरडायची, "म्हातारा आला बे!" एके दिवशी पुन्हा तसंच ओरडले, तेव्हा मी ठरवलंच, उद्यापासून शाळा बंद. तेवढ्यात मास्तर रशिया शिकवू लागले. बर्फ कसा पडतो, हे कोणालाच कळेना. त्यांनी मला पुढं बोलावलं, माझ्या डोक्यावरची रुई चिमटीत धरून हळूच फुंकली आणि म्हणाले, "असा पडते पाहा, आवाज न करता." सगळा वर्ग वर पाहत राहिला. मघाशी ओरडणाराच म्हणाला, "मास्तर, मले बी फुकू द्या ना!" संध्याकाळी मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिथल्या लेकराइले लय थंडी वाजत असन ना रे?" दुसऱ्या दिवशी जिनातून निघताना ती माझे केस झटकू लागली. मी म्हणालो, "राहू दे माय, शाळेत लागते." आता केस खरोखरच पांढरे झाले; झटकायला माय नाही, आणि बर्फ अजून पाहायचा राहिला आहे. पण शाळा मी सोडली नाही. नागपूरला जाऊन बी.ए. झालेला आमच्या घरातला पहिला माणूस मीच.