कापसात वाजलेला फोन

फोन कापसाच्या ढिगात वाजत होता आणि मी त्या ढिगाला पाठ लावून बसले होते. हात घातला असता तर निघाला असता. घातला नाही. उलट आणखी रेलले — आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वाजून वाजून तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मग नाही वाजला.

पलीकडे माझा मुलगा होता, दिनेश. वावरात फवारणी करताना पडला होता आणि घरी फोन लावत होता.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला का सांगते? कारण काही नाही. सांगते, ऐका.

आमच्याकडे, मुकुटबनच्या बाजूला, वेचलेला कापूस घराच्या पुढच्या खोलीतच टाकतात. भाव पडलेला असला की तो तिथंच राहतो आणि माणसं त्याच्या कडेकडेने झोपतात. त्या वर्षी पहिला वेचा घरात आला होता, तरी वावरात अळी होतीच. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, दिनेशच्या डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर घेऊन आत शिरला की औषध त्याच्याच तोंडावर यायचं. मी म्हटलं होतं, फडकं बांध. फडक्याने काय होतं?

फोन सुनेचा. सुजाता तिचं नाव. डी.एड. झालेली. भरती निघत नव्हती, म्हणून गावच्या शाळेत बिनपगारी ग्रंथालय सांभाळायची. ग्रंथालय म्हणजे काय — एक लोखंडी कपाट. पोरं पुस्तकं फाडतील म्हणून कुलूप लावलेलं, आत वाळवी. तिने ते उघडायला लावलं. पुढचं सगळं ती फोनातून शिकली. कुठले कुठले मास्तर, मास्तरणी आपल्या शाळेबद्दल, शाळेतल्या पुस्तकांबद्दल लिहितात, त्याला ब्लॉग म्हणतात. तिच्या फोनात एक ॲप होतं. ब्लॉग पुष्कळ, पण तिला एकेक उघडून पाहावा लागत नसे. कोणीही नवीन लिहिलं की ते त्या एका जागी येऊन पडायचं आणि फोन टुंग करायचा. भाकरी थापता थापता ती पिठाच्या बोटाने उघडायची. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून पुस्तकं भिंतीला टांगायची, हे तिथलंच. शनिवारी पोरांना गोल बसवून मोठ्याने वाचून दाखवायचं, तेही तिथलंच.

शेजारची शांता म्हणायची, "तुही सून सैपाकही फोनातच करते वाटते व!" मी हसायची. आणि वर म्हणायची, "कोनासंगं बोलते, मले काय माहीत बाप्पा."

ते खोटं होतं. मला माहीत होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण वाचता येतं, चांगलं येतं. सुजाता न्हाणीत गेली की मी फोन घ्यायची. उघडायला बोट कसं फिरवायचं ते बघून ठेवलं होतं. ब्लॉग सगळे वाचले मी. एका मास्तरांनी बैलगाडीत पुस्तकं घालून वाड्यावस्त्यांवर नेली होती, ते तर दोनदा वाचलं. एक बाई होत्या, मुलींच्या वसतिगृहातलं ग्रंथालय चालवायच्या, त्यांचं लिहिणं मला सगळ्यांत आवडायचं. साधं लिहायच्या. आवडायचं हे मी सुजाताला कधी बोलले नाही. का नाही बोलले? तिच्याजवळ काही आहे जे मलाही हवं आहे, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

त्याच बाईंनी लिहिलं, की आमच्याकडे पुस्तकं सांभाळायला एक बाई पाहिजे. राहायला खोली, लेकरांची शाळा तिथंच. सुजाताने खाली उत्तर लिहिलं. बाईंनी लिहिलं, मंगळवारी दुपारी फोन करते. रात्री जेवताना सुजाताने दिनेशला विचारलं. तो म्हणाला, "जाऊ ना. मी बी येतो. इथी काय ठेवलं हाय?"

मी ताटावर बसलेली होते. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी तो जेवून वावरात गेला. सुजाता हापशीवर पाण्याला गेली, नात मिनू तिच्या मागे. सहा वर्षांची होती मिनू. फोन पाटावर होता. मी उचलला आणि कापसात कोपरापर्यंत हात घालून आत ठेवला. मला फक्त ती दुपार जाऊ द्यायची होती. संध्याकाळी काढून दिला असता. तिघंही गेली असती, तर त्या घरात मी आणि कापूस. असा विचार केला होता मी. चांगला विचार करून केलं, रागात नाही.

सुजाता आली, शोधायला लागली.

"आई, माहा फोन पाह्यला का?"

"मले कायले इचारतं? असंन कुठी."

शाळेत राहिला असेल म्हणून ती मिनूला घेऊन धावत गेली. मागे मी एकटी. आणि मग तो वाजला. मला वाटलं, त्या बाई. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही तेच वाटलं — नाही, खरं सांगते — दुसऱ्यांदा मनात आलं होतं की दुसरं कोणी असेल. आलं होतं. तरी उठले नाही.

ऊन उतरल्यावर बाजूच्या वावरातला गडी ओरडत आला. दिनेश पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात उलट्या करून पडला होता, तोंडाला फेस. गाडी मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. यवतमाळच्या वाटेवर सुजाता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी पायाशी. त्याचे पाय गार लागत होते. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. पहाटे तो गेला.

त्याच्या साध्या फोनात शेवटचे दोन्ही कॉल सुजाताला होते. डोळ्यांना दिसत नसेल, म्हणून आधीचाच नंबर पुन्हा दाबला असेल. सुजाता कित्येक दिवस एकच म्हणायची, "माहा फोन कुठी गेला व माय." मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. हाच हात.

मधल्या काळात मी फोन काढून कुठे दुसरीकडे ठेवायला पाहिजे होता. घर माणसांनी भरलेलं. जमलं नाही. कापूस बोंद्रीत, मोठ्या पोत्यात, भरायला माणसं आली तेव्हा तो निघाला. मिनू त्या ढिगावर रोज कोलांट्या मारायची, हे सगळ्यांना ठाऊक. सुजाताने तिला दंडाला धरलं. "तू लपवला होता? खरं सांग." पोरगी आधी नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा हो म्हणाली. घाबरलेलं लेकरू हो म्हणतं, हे मला कळत नव्हतं का? सुजाताने तिला मारलं, मग पोटाशी धरून रडली. शांता म्हणाली, "लेकराले काय समजते, सोड." सगळे बोलले. मी हातात कापूस घेऊन उभी होते.

फोन चार्ज करून पाहिला. त्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन त्या दिवशी आलाच नव्हता. त्यांनी त्या संध्याकाळी ब्लॉगवर लिहिलं होतं, जागा भरली.

सुजाता अजून गावच्या शाळेचं ते कपाट सांभाळते. मिनू मोठी झाली. शाळेत हुशार आहे, घरात बोलत नाही. मागच्या वर्षी दिनेशच्या तिथीला माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, मी फोन कधी ठेवला ते मले आठवतच नाही. लय आठवून पाह्यलं. पन मीच ठेवला असंन ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी म्हणाले, "जाऊ दे माय, लहान होती तू."

फोन मी ठेवला. वाजताना मी ऐकला. मिनूच्या माथी मी मारला, एकदा गप्प राहून आणि एकदा बोलून. म्हातारीला फोनातलं काय कळतं, असं गाव म्हणतं, आणि मी म्हणू दिलं.

दिनेश बत्तीस वर्षांचाही नव्हता. त्या दिवसानंतरही सुजाता जिवंत राहिली, मिनू जिवंत राहिली, आणि मी जिवंत आहे.