शेख सरांच्या नोंदी माझ्या हातून गेल्या

मित्रांनो, आज ऑफिसात माझ्या हातून जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्ही सोलापुरात चादरींच्या मागांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोडमध्ये कुणी, काय आणि का बदललं याची नोंद ठेवणारं आमचं सोर्स कंट्रोल फार जुनं झालं होतं. ते काढून गिट ही नवी प्रणाली आणायचं काम माझ्याकडे होतं. सगळा कोड नोंदींसकट नव्या जागी आला, चालवून पाहिला, नीट चालला. मग आज सकाळी मी जुना सर्व्हर फॉरमॅट करून पूर्ण पुसून टाकला.

दुपारी शेख सर आले. पहिल्या दिवसापासून इथे कोड लिहिणारे, या महिन्यात निवृत्त होणारे. प्रत्येक बदलाचं कारण ते मराठीत लिहून ठेवायचे.

"माझी पहिली नोंद दाखवा की," म्हणाले.

मी उघडली. तिथे नुसती प्रश्नचिन्हं. पुढच्या नोंदीतही तेच. इंग्रजी अक्षरं आली होती, मराठी एकही नाही. बॅकअप घेतला होता, तोही या नव्या प्रतीचाच.

"सर, मी नोंदी तपासल्याच नाहीत," मी कबूल केलं.

ते शेजारी बसले. आठवून आठवून सांगू लागले, मी टाइप करत राहिले. सात-आठ नोंदींनंतर थांबले.

"बाकीचं आता आठवत न्हाय ओ मॅडम. म्हणून तर लिहून ठेवलं होतं."

रागावले असते तर बरं झालं असतं.

उद्या त्यांच्यासमोर कसं जाऊ? तुमच्यापैकी कुणाच्या हातून असं कुणाचं काम पुसलं गेलंय का?