बशीच्या काठावरची मुंगी

सकाळी यांच्या बशीच्या काठावरून एक मुंगी गोल गोल धावत होती. वाट संपतच नव्हती. यांच्या हृदयातही तसंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाचं हृदय यांना बसवलं, आणि गेल्या महिन्यात त्यातली वीज ते शिवलेल्या टाक्यांच्या कडेने गोल फिरू लागली. नाडी पळायची, दम लागायचा. परवा डॉक्टरांनी शिरेतून आत सरकवलेल्या तारेच्या टोकाने डाग देऊन ती वाट अडवली. "टिकेल, पण लक्ष ठेवा," म्हणाले.

त्यांनीच सांगितलं, की टाक्यांच्या अलीकडे यांच्या जुन्या हृदयाची एक पट्टी उरली आहे. ती अजूनही आपल्याच ठेक्यात चालते, नव्याच्या कामात ढवळाढवळ करत नाही. मला ते शेजाऱ्यांसारखं वाटलं. भिंत एक, संसार वेगळे.

"अहो, हात द्या."

"अगं, आधी चहा पिऊ दे, मग तपासणी कर."

नाडी जराशी जलद होती, बसवलेल्या हृदयाची असतेच तशी, पण एकसारखी. दम लागत नव्हता, म्हणूनच तर बोलणं सुचत होतं! मी बशीवर चमचा आडवा ठेवला. मुंगी थबकली, वळली आणि टेबलावर उतरून आपल्या कामाला लागली.

चहा गार झाला होता. मी दुसरा टाकला.