पायथनच्या पोटातली पाळी

"पुसा ते! आत्ताच्या आत्ता पुसा!" बेळगावहून आलेला झडपांचा इंजिनिअर असा ओरडत होता, की डिचोलीच्या बाजारातली शटरं खाली आली असतील. आम्ही झरीच्या टाकीपाशी उभे होतो. पुसायचा होता तो माझा प्रोग्रॅम.

टाकीचं पाणी वरचं, मधलं आणि खालचं अशा तीन घरांच्या कुळागरांना, म्हणजे पोफळीच्या बागांना, पाळीनं जातं. पाळी ठरवतात काका, वाड्यावरचे सगळ्यात जुने बागायतदार. मोटरवर आपोआप उघडणाऱ्या झडपा आल्या आणि इंजिनिअरनं त्यांत कायमचं वेळापत्रक घालायचं ठरवलं. म्हणजे काकांनी घरी बसायचं. ते मला सोसलं नाही. मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पोटात काकांची भाषा वसवली: पाळी, सोड, अडव, सुतक, असे चौदा शब्द. घड्याळ, तारखा, बेरजा पायथनच्या, बोलणं काकांचं. मुळापासून नवी भाषा घडवायला मला सात जन्म लागले असते. हिला सात दिवस लागले. बरं, दोन महिने.

इंजिनिअरचं म्हणणं, एक तर सरळ पायथन लिहा, नाही तर हा पोरखेळ बंद करा. मी म्हटलं, हव्या तर झडपा उपटून न्या, शब्द निघणार नाहीत.

काका एव्हाना पायरीवर बसून लॅपटॉपवर एका बोटानं लिहीत होते. खालच्या घरातलं माणूस आदल्या दिवशी गेलं होतं. सुतकातलं घर टाकीला हात लावत नाही. त्याच्या पाळीला पाट वळवायला शेजारी जातो. काकांनी लिहिलं:

सुतक(खालचं_घर, पाट=मधलं_घर)

इंजिनिअर खांद्यावरून डोकावत ओरडतच होता. झडपा बसवताना तो आठवडाभर मधल्या घरी जेवला होता. त्याच ओघात तो म्हणाला, "अहो, हे दोघे भाऊबंद ना? मग मधल्यांनाही सुतक. पाट कोण वळवणार?"

दहा वर्षं पायथन खाऊन जगलेल्या मला ते दिसलं नव्हतं. काकांनी 'मधलं' खोडून 'वरचं' केलं. वरच्या घराच्या फोनवर निरोप वाजला, तिथलं माणूस येऊन पाट वळवून गेलं, झडप उघडली आणि खालच्या पोफळींच्या आळ्यांत पाणी पोचलं.

इंजिनिअर तरीही हटेना. "ठीक आहे काका, पण तुमच्यामागे हे कुणाला कळणार?"

काका लॅपटॉप मिटत म्हणाले, "तुमका कळलां, न्हय?"