गिट्टी आणि तळ्यावरची बदकं

माझा जुना मित्र शामराव मेश्राम याची ओळख करून द्यायची तर आधी त्याच्या कुत्रीची करून दिली पाहिजे, नाहीतर तो रागावेल. तिचं नाव गिट्टी. रुळांखाली जी खडी पसरतात तिला आमच्याकडे गिट्टी म्हणतात. शामराव रेल्वेत चाबीवाला होता. म्हणजे हातोडा घेऊन आपल्या हद्दीतल्या रुळांवरून रोज पायी चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या आणि रुळांत पडलेली वस्तू मागे सोडायची नाही. निवृत्तीच्या आधी एका थंडीत हे पिल्लू त्याला खडीवर कुडकुडत सापडलं. "पडलं ते उचलाचंच काम होतं माह्यं," तो म्हणायचा, "मंग हेही उचललं."

पुढे त्याची बायको शेवंताबाई गेल्या आणि मुलगा यशदीप त्याला छत्तीसगडच्या नव्या राजधानीत, नवा रायपुरातल्या आपल्या क्वार्टरात घेऊन आला. तिथले रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बहुतेक वेळा पलीकडे माणूसही नसतो. शामरावनं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. जेवण नाही, आंघोळ नाही. गिट्टीला मात्र बाहेर जायचं असे. ती त्याचं पांघरूण दातांनी ओढायची, तो शिव्या द्यायचा, आणि शिव्या देत देतच उठायचा. यशदीप मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाला, "काकाजी, ये है तो बाबा उठते हैं. ये नहीं रही तो मैं क्या करूंगा?" मराठी त्याला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

क्वार्टरांच्या मागे जुन्या गावाचं मोठं तळं उरलं आहे. हिवाळ्यात त्यावर दूरदेशीची बदकं उतरतात. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या गुरुजींनी बगळ्यापलीकडे पाखरू शिकवलं नाही. शामरावचंही तसंच, पण त्यानं स्वतःच नावं पाडली होती. भरधाव येऊन पाण्यात घुसणारी ती मेल. डुलत डुलत काठानं जाणारी ती मालगाडी. तांबूस, जोडीनं फिरणारे चक्रवाक (हे नाव मला मागाहून कळलं) म्हणजे साहेब आणि बाईसाहेब, सलूनमधून, म्हणजे रेल्वेच्या साहेबांच्या खास डब्यातून आलेले. मी जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्याहून बस मिळेल तेव्हा जायचो, आणि तो दुर्बीण माझ्या हाती देत म्हणायचा, "पाहा अनंतराव, आज मेल लेट आहे."

पाखरं पाहता पाहता त्याचं जुनं काम चालूच असे. जाळ्यांचे तुकडे, पिशव्या, सुतळ्या. बदकांचे पाय त्यात अडकतात म्हणून तो सगळं वेचायचा. गिट्टीलाही शिकवलं. "गिट्टी, आण" म्हटलं की ती दिसेल ते तोंडात धरून आणायची, पायाशी ठेवायची आणि बिस्किटासाठी बसायची. आणायला शिकवलं. पडलेलं तसंच सोडून यायला कधी शिकवलं नाही. चाबीवाल्याला ते सुचणार तरी कसं?

त्या हिवाळ्यात काठाला मेलेली बदकं लागू लागली. तळ्यात मासे धरणारी सरिता शामरावला छत्तीसगढीत म्हणाली, "कुकुर ला बांध के रख, बबा. कोनो चाउर म जहर मिला के डारत हे." कुत्रीला बांधून ठेव, असं ती सांगत होती; चोरटे शिकारी विषाचे तांदूळ काठावर टाकायचे, बदकं पडली की पोत्यात भरून विकायची. शामराव म्हणाला, "हव, बाई." दुसऱ्या दिवसापासून गिट्टीच्या गळ्यात दोरी आली.

"फिरायलाच काहून आणतो मग?" मी विचारलं.

"घरी ठेवू? मी काय तुमच्यासंग येऊन राहिलो का? मी तिच्यासंग येतो."

त्या सकाळी मी सोबत होतो. धुकं होतं. दोरी त्याच्या मनगटाला होती. तेवढ्यात चक्रवाकांची जोडी डोक्यावरून गेली आणि त्यानं दोन्ही हातांनी दुर्बीण उचलली. दोरी सैल होऊन मनगटावरून निसटली. गिट्टी केव्हाच पाण्यात होती. पुढे एक बदक उताणं तरंगत होतं.

"गिट्टी, नको. गिट्टी."

त्याच्या तोंडून आपलं नाव मोठ्यानं ऐकलं की तिच्या लेखी एकच अर्थ, लवकर आण. ती आणखी जोरात गेली. बदक धरलं, पोहत आली, त्याच्या पायाशी ठेवलं आणि बसली. बदकाचा गळा फाटला होता. आतले तांदूळ तिच्या दातांना चिकटले होते.

शामरावनं तिचा जबडा धरून बाटलीभर पाणी ओतलं, बोटांनी तोंड पुसलं. मी यशदीपला फोन केला. तिथे बसची वाट पाहायची म्हणजे दिवस घालवायचा. तो ऑफिसच्या कपड्यांतच गाडी घेऊन आला. ज्या पोरानं तिला सोफ्यावर कधी चढू दिलं नाही, त्यानं आपला स्वेटर काढून तिच्याखाली घातला. तोवर तिचे पाय ताठ होऊन थरथरत होते. त्या रुंद रस्त्यावर आडवं यायला काही नव्हतं, तरी रस्ता सरेना.

शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

"खाल्लं नाही, साहेब," शामराव म्हणाला. "मी शिकवलं होतं. आणून देल्लं."

डॉक्टरनं सुई दिली, दुसरी दिली. गिट्टी टेबलावरच गेली.

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो. शामराव जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला. यशदीप दारात उभा राहून पाहत होता, आणि काय पाहत होता ते मला ठाऊक होतं.

सकाळी मी उठलो तेव्हा शामराव बूट घालून खाटेवर बसला होता. बाहेर मात्र पडत नव्हता.

"बाबा?" यशदीप म्हणाला.

"काठावर आणखी बदकं पडले असतीन," शामराव म्हणाला. "गावची कुत्री येतात तिथं. उचलाले पायजे." त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "माह्यानं एकट्यानं होत नाही."

"मैं चलता हूं."

शामरावनं त्याच्याकडे वर पाहिलं. "तुले घाण वाटते."

"लगेगी. चलिए."

बापलेक पोतं आणि फावडं घेऊन गेले, मागे मी. यशदीपनं हाताला पिशव्या बांधल्या होत्या. तो वाकायचा, उचलायचा, तोंड फिरवून पोत्यात टाकायचा. शामराव पोत्याचं तोंड धरून उभा. पाण्यावर जिवंत बदकं होती, पण त्या दिवशी कोणी वर पाहिलं नाही. बाभळीपलीकडे यशदीपनं त्या बदकांसाठी खड्डा खणला. शामराव कडेला उभा राहून एवढंच म्हणत होता, "आणखी खोल. कुत्री उकरतात. आणखी खोल."